कसूर

दुभाष्याने नेहमी ‘मी’ म्हणायचं.
‘ती म्हणते’ असं चालत नाही.
म्हणून रोचेस्टरच्या कुटुंब न्यायालयात
तिसऱ्या मजल्यावर, बर्फाच्या सकाळी,
पावणेदहा ते सव्वादहा
मी यादिरा होते.

मी म्हणाले, त्याने दार फोडलं तेव्हा
मुलांना मी न्हाणीघरात कोंडलं
आणि नळ पूर्ण सोडला,
आवाज पाण्यात बुडावा म्हणून.
मी म्हणाले, हो, पोलिसांना फोन मीच केला.
हो, मीच.
शेजारी यादिरा दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलेली,
माझं स्पॅनिश तिच्याकडे, तिचं इंग्रजी माझ्याकडे.

मग उलटं वळायचं. आता मी खात्याची वकीलबाई.
तर मग, मी तिला विचारलं,
तुम्ही त्या घरात राहिलात का?
आणि लगेच परत फिरून, मीच :
भाडं दोघांच्या नावावर होतं.
आसऱ्याच्या घरात जागा नव्हती, एकोणीस जणी पुढे होत्या.
मी गेले होते एकदा. मुलाला दमा आहे.
त्याचा पंप मागे राहिला, म्हणून परत आले.

अहवाल वाचला गेला. तोही माझ्याच तोंडून.
समाजसेविका स्टाउफर बाईंनी फ्रिज उघडून पाहिला :
अंडी चार. दूध अर्धं. झाकलेला भात.
खाटा दोन, माणसं तीन.
बैठकीच्या भिंतीला भोक,
त्यावर मुलीने काढलेला घोडा चिकटवलेला.
शेरा : आई खुणा लपवते.

भोक कुणाच्या मुठीचं, ते त्या पानावर नव्हतं.
तो बाहेर होता, जिन्यापाशी,
मशिनमधून वेफर्स काढत.
त्याला कुठला वर्ग लावला होता का,
पालकत्वाचा, रागाचा, कसलाही,
कुणी विचारलं नाही.
मला विचारायची मुभा नाही.

मग तो शब्द आला.
आईने मुलांचं रक्षण करण्यात कसूर केली.
मुलांनी पाहिलं, म्हणजे तिने पाहू दिलं,
असं कलम आहे, असं वाक्य आहे, आणि वाक्याला
कर्ता एकच, ती.
स्पॅनिशमध्ये कसुरीला तीन-चार शब्द सापडतात.
एकात चूक जास्त, एकात पाप,
एक असा की शाळेत गैरहजर राहिल्यासारखा वाटतो.
मी तो घेतला.
बावीस वर्षांत पहिल्यांदा मी माप मारलं,
तिच्या बाजूने, तसूभर.
तिला कळलं नाही. तरी
ती वाकली ती तेवढीच वाकली.

नायेली सात वर्षांची, इसाक तीनचा.
दोघं आता वेब्स्टरला, एका परक्या पण बऱ्या घरी.
भेट मंगळवारी, एक तास, काचेच्या खोलीत,
कोपऱ्यात वही घेऊन कुणीतरी.
जायला दोन बस. एक चुकली तर
तासातली चाळीस मिनिटं उरतात,
आणि वहीत येतं : आई उशिरा आली.

न्यायमूर्तींनी छत्तीस दिवसांनंतरची तारीख दिली.
समजलं का, त्यांनी विचारलं, मी विचारलं.
यादिराने हो म्हटलं नाही.
ती म्हणाली, म्हणजे मी म्हणाले :
नायेलीचा पुढचा दात हलतोय.
तो पडला तर ती कुणाला दाखवेल?

त्यांनी चष्मा काढला, पुसला, लावला.
नोंद घ्या, म्हणाले, पक्षकाराला समजलं आहे.
तेही मी तिला सांगितलं. शब्दशः.

संध्याकाळी घरी, बुटांवरचं मीठ पुसताना
लेकीने सहज विचारलं, कसा गेला दिवस?
मी तोंड उघडलं,
आणि थांबले,
आधी दुसऱ्या कुणीतरी बोलावं म्हणून.